धुळीच्या एका पिशवीचे आयुर्मान

माणूस जी वस्तू घडवतो तिच्यामागे थोडा कचरा उरतोच, आणि समाज किती पुढारलेला आहे हे त्या कचऱ्याच्या विल्हेवाटीवर तो किती कमी खर्च करतो यावरून ठरवावे, असे माझे मत आहे. या कसोटीवर जर्मनीतल्या रॉयटलिंगेनमधली आमची सहा बिऱ्हाडांची इमारत अख्ख्या श्वाबेन प्रांतात वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होईल. त्याचे सारे श्रेय तळमजल्यावरच्या ओटमार क्लेंक यांना जाते. गिअरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तळघरातल्या आपल्या खोलीत सुतारकामाची कार्यशाळा थाटली. मी त्यांचा समोरचा शेजारी. पुढे सांगतो ते सगळे डोळ्यांनी पाहिलेले आहे. (काही भाग नाकातही गेला आहे.)

त्यांची मुलगी उटे हिला मार्चमध्ये बाळ होणार होते. ऑक्टोबरात क्लेंक यांनी तिला शब्द दिला, पाळणा मी स्वतः करीन, चेरीच्या लाकडाचा. हे ऐकून उटे फोनवर रडली, असे त्यांच्या पत्नी गेर्लिंडे यांनी जिन्यात सर्वांना सांगितले. लाकूड आले. पहिल्याच शनिवारी फळ्यांवरून रंधायंत्र फिरले आणि संध्याकाळपर्यंत कार्यशाळेतल्या धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमची पिशवी तुडुंब भरली.

पिशवीची किंमत सात युरो साठ सेंट. सामान्य माणूस अशा वेळी दुसरी पिशवी लावतो आणि कामाला लागतो. क्लेंक यांनी यंत्र बंद केले, ते स्टुलावर बसले आणि त्यांनी हिशेब मांडला. पाळण्याला एकंदर नऊ पिशव्या आणि एक फिल्टर लागेल, म्हणजे बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे सव्वीस युरोंची धूळ, असा आकडा निघाला. (बाळ साडेतीन किलोचे धरले आहे. जन्मतः ते अधिक भरले असते तर दर उतरला असता.)

मग सुधारणांना सुरुवात झाली. भरलेली पिशवी त्यांनी बुडाशी कापली, रिकामी केली, कापलेली कड दुमडून दोन पट्ट्यांमध्ये स्क्रूने आवळली. पिशवी पुन्हा कामावर रुजू. फिल्टर चोंदू नये म्हणून त्यावर गेर्लिंडे यांचा जुना, लांब तलम पायमोजा चढवण्यात आला. जुने पायमोजे संपल्यावर ‘जुने’ या शब्दाची व्याप्ती वाढवण्यात आली, आणि नाताळच्या संगीत कार्यक्रमाला त्या स्कर्टऐवजी पँट घालून गेल्या. पुढची पायरी म्हणजे धूळ पिशवीपर्यंत पोचूच द्यायची नाही, वाटेतच एका पिंपात पाडायची. त्यासाठी कोबीच्या लोणच्याचे प्लास्टिकचे पिंप निवडले. यंत्र सुरू होताच पिंपाचे गाल आत गेले आणि मोठा आवाज होऊन ते निकामी झाले. मग एकशे चाळीस युरोंचे लोखंडी पिंप आणले. (ही रक्कम बचतीत धरलेली नाही, कारण तो खर्च आहे.)

नवीन वर्ष उजाडले तेव्हा पाळण्याची एक बाजू तयार होती. उटेचा फोन आला की ती पाळण्याचे विचारी आणि क्लेंक तिला पिशवीची खुशाली सांगत.

आमच्या इमारतीत झाडण्याचा आठवडा पाळला जातो. ज्या बिऱ्हाडाच्या दारावर लाकडी पाटी लटकते, त्याने त्या आठवड्यात जिना, अंगण आणि तळघराचा बोळ झाडायचा. (बाकीच्या पाच बिऱ्हाडांनी तो नीट झाडला का हे पडद्याआडून पाहायचे.) क्लेंक यांच्या लक्षात आले की बोळातली धूळ कोणी केली हे नियमात कुठेच विचारलेले नाही, फक्त आठवडा कोणाचा एवढेच विचारलेले आहे. त्यांनी कार्यशाळेचे दार सताड उघडे ठेवून पाळण्याच्या त्या एका बाजूला पॉलिशपेपर मारायला घेतले. व्हॅक्यूम लावायची गरजच उरली नाही. स्वतःच्या आठवड्यात ते लाकडाला हात लावत नसत. माझ्या आठवड्यात त्यांच्या कामाला विशेष गती येई, आणि शेजारधर्म म्हणून मला त्याचा अभिमान वाटे.

दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ बुलिंग यांना मात्र तो वाटला नाही. वय एक्क्याऐंशी, हातात खराटा, भुवयांवर चेरीचा भुसा, अशा अवस्थेत त्या कार्यशाळेच्या दारात उभ्या राहिल्या.

“हेर क्लेंक,” त्या म्हणाल्या, “माझ्या आठवड्यात तुमच्या पाळण्याला भलतंच बळ चढतं.”

बैठक भरली. ज्याची धूळ त्याची पाटी, असा ठराव पाच विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला आणि पाटी क्लेंक यांच्या दाराला कायमची ठोकण्यात आली. मीही ठरावाच्या बाजूने मत दिले. (अभिमानाला मर्यादा असते.)

क्लेंक कायदा पाळणारे गृहस्थ. ते मुकाट्याने तळघरात गेले आणि त्यांनी प्रश्नाच्या मुळाशी जाऊन विचार केला. खर्च पिशवीमुळे होतो, पिशवी धुळीमुळे भरते, धूळ कापण्याने होते आणि कापावे लागते ते पाळण्यामुळे. तेव्हा काटछाट पाळण्यातच केली पाहिजे. प्रथम ज्यांवर पाळणा झुलतो त्या खालच्या वक्र पट्ट्या रद्द झाल्या, कारण वळण कापताना सर्वाधिक भुसा पडतो. मग कठड्याचे गज गेले. फेब्रुवारीअखेर आराखड्यात चार फळ्यांचे खोके उरले, पण खोक्याच्या सांध्यांनाही करवत लागते. मार्चमध्ये आराखडा पूर्णत्वास गेला. एका बाजूशिवायच्या सगळ्या फळ्या भिंतीशी रचून ठेवायच्या, असे त्याचे स्वरूप होते. दरमहा खर्च शून्य.

माथिल्डे जन्मली, साडेतीन किलोची. ती आपल्या आईच्या घरी धुण्याच्या टोपलीत झोपू लागली. काम प्रगतिपथावर आहे आणि पिशवी अजून पहिलीच आहे, असे क्लेंक यांनी कळवले.

सप्टेंबरात उटे बाळाला घेऊन आली. क्लेंक तिला उत्साहाने तळघरात घेऊन गेले. साक्षीदार म्हणून मलाही बोलावले होते. त्यांनी व्हॅक्यूमचे झाकण उघडून पिशवी दाखवली. ती सपाट होती. उटेने तिच्याकडे पाहिले नाही. तिने भिंतीजवळच्या फळ्या पाहिल्या, त्या एका तयार बाजूवरून हात फिरवला आणि मग कामाच्या टेबलावरून एक बोट ओढले.

“बाबा, इथं काहीच झालं नाहीये.”

“तेच तर,” क्लेंक म्हणाले. “एक कणसुद्धा नाही.”

गेर्लिंडे नातीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “ती बसायला लागली, ओटमार. आता पाळण्यात घातली तर बाहेर पडेल.”

क्लेंक यांनी थोडा विचार केला. म्हणजे आता पलंग लागेल, ते म्हणाले, आणि पलंगाचा भुसा पाळण्याच्या चौपट. लवकर नियोजन करायला हवे. उटेने मुलीला कडेवर घेतले आणि ती जिना चढून निघून गेली. तिचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटले, हे मी नाकारत नाही.

ज्या वाचकांना इथवर क्लेंक यांचे हसू आले असेल, त्यांच्यासाठी एक निवेदन. तुम्हीही कोणाला तरी शब्द दिला होता की अमुक एक गोष्ट मी माझ्या हातांनी करून देईन. सामान तेव्हाच आणले आहे, ते कपाटावर आहे, फक्त नीट पद्धत ठरायची आहे. ज्याला शब्द दिला, त्याने विचारणे मध्यंतरी सोडून दिले. तुमच्याही घरात त्या कामाचा एक कणसुद्धा सांडलेला नाही, याबद्दल आमच्या इमारतीतर्फे आपले हार्दिक अभिनंदन.