एका पिशवीचे बिराजदार आप्पा

बिराजदार आप्पा आठवड्याच्या दौऱ्यावर निघाले की त्यांच्या हातात जी पिशवी असे, ती घेऊन मी मंडईत मेथी आणायलासुद्धा गेलो नसतो. त्या खाकी पिशवीत एक धोतर, एक सदरा, कागदाच्या पुडीत राखुंडी आणि अर्धी फणी एवढा ऐवज असे. फणी अर्धी, कारण आप्पांनी ती मधोमध मोडली होती. "डोक्यावर केस अर्धेच हायत," ते म्हणाले, "मग अख्खी फणी वागवून दाखवायची कुणाला?" उरलेला अर्धा भाग त्यांनी मला देऊ केला. माझे केस तेव्हा शाबूत होते. तो अपमान मी गिळला.

आम्ही दोघे सहकारी सोसायट्यांचे हिशेब तपासणारे. सोलापूरच्या कचेरीत आमची टेबलं शेजारी आणि दौऱ्यावर खाटा शेजारी. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट असं एसटीनं हिंडायचं, मिळेल तिथं मुक्काम करायचा. मी वळकटी बांधून, ट्रंक घेऊन स्टँडवर येई. आप्पा पिशवी बोटाला अडकवून येत आणि माझ्या ट्रंकेकडे, मयताला आल्यासारखं बघत. मग गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या पेटीवर हात ठेवून त्यांचं ठरलेलं वाक्य येई. "देव गळ्यात, भूक पोटात. बाकी सगळं जगाकडं हाय की."

या वाक्यातलं जग म्हणजे मी, हे मला पहिल्याच दौऱ्यात कळलं. मोहोळच्या विश्रामगृहात आप्पा न्हाणीघरातून ओलेते बाहेर आले आणि माझ्या टॉवेलनं त्यांनी अंग असं पुसलं, की जणू टॉवेलवरच उपकार होत आहेत. साबण माझा, डोक्याला तेल माझं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पहाटे उठून अंघोळ केली आणि टॉवेल चिंब करून दोरीवर टाकला. आप्पांनी तोच घेतला. "ओला टॉवेल बरा असतोय, कुलकर्णी," ते म्हणाले. "गार वाटतंय." त्या दिवसापासून मी दोन टॉवेल नेऊ लागलो. म्हणजे आप्पांचं ओझं कमी झालं नव्हतं. ते माझ्या ट्रंकेत आलं होतं. संन्यासी जगाचा त्याग करतो, आप्पांनी जगाचा टॉवेल केला.

माझ्याकडं नसेल ते पुरवायला सोसायटीचे सेक्रेटरी होते. अक्कलकोटच्या बाजूला एका गावी ऐन थंडीत मुक्काम पडला, तेव्हा तिथल्या सेक्रेटरीनं आपल्या म्हाताऱ्या आईच्या अंगावरची वाकळ काढून आप्पांना दिली. आप्पांनी ती घेतलीही. सकाळी म्हातारीला म्हणाले, "आई, वाकळ झकास हाय. पण दोन माणसांत एकच ठेवलीया, हे शिकण्यासारखं हाय." म्हातारी कानडीत जे बोलली त्याचं मराठी मी विचारलं नाही.

यजमानांनी काही जास्तीचं पुढं केलं, की आप्पा "साकु, साकु" म्हणत. कानडीत साकु म्हणजे पुरे. भाकरीचा चौथा तुकडा असो की बसायला पाट, साकु. हे ऐकून लोक भारावून जात. एवढा निरिच्छ माणूस आपल्या खात्यात आहे, याचं त्यांना अप्रूप वाटे. आप्पा निरिच्छ होते हे मीही मान्य करतो. ज्या वस्तू ते दुसऱ्याच्या वापरत, त्यांची त्यांना मुळीच इच्छा नसे. नुसती गरज असे.

कचेरीत दुपारच्या चहाला या विषयावर त्यांचं प्रवचन असे. तरुण कारकुनांत त्यांना शिष्यही मिळाले. त्यातला एक नव्या नवरीला घेऊन तिरुपतीला निघाला आणि दोघांत मिळून एक पिशवी न्यायची असं त्यानं ठरवलं. बायकोच्या लुगड्यांनाच पिशवी पुरेना, तेव्हा यानं स्वतःचे कपडे घरी ठेवले. परत आला तो चकोट डोक्यानं, तिथंच विकत घेतलेल्या लुंगीवर. बायको महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हती. आप्पांनी त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. "बघा," ते आम्हाला म्हणाले, "देवालापण वझं चालत न्हाई."

सोलापूरचा माणूस परगावी निघाला, की त्याच्या काखेत चादर असते. स्वतःच्या नातेवाइकांसाठी नसली तर शेजाऱ्याच्या नातेवाइकांसाठी असते. त्यातून कुणाची सुटका नाही. आप्पांची होती. माझ्या मुलीच्या लग्नानंतर ते एकदा मुलाला भेटायला पुण्याला निघाले होते, म्हणून आमच्या हिनं मुलीकडं पोचवायला एक चादर त्यांच्यापुढं ठेवली. मुलीचं घर आप्पांच्या मुलापासून दोन गल्ल्यांवर.

"वहिनी," आप्पा म्हणाले, "एक चादर कधी एकटी नसतीया. तिच्यामागं उशी येतीया. उशीमागं गादी, गादीमागं पलंग. मग मालगाडीची आख्खी वाघीण लावावी लागतीया."

"चादरच आहे ती, आप्पा. वऱ्हाड नाही."

"साकु, वहिनी." असं म्हणून ते आमच्याकडचा चहा पिऊन, आमची सुपारी खाऊन, रिकाम्या हातानं गेले. त्यानंतर ही त्यांना चहा देई तो बशीत सांडलेला असे.

त्यांची बायको मुलगा लहान असतानाच गेली होती. मुलगा महादेव शिकून पुण्याच्या एका बँकेत लागला, तिथंच त्यानं संसार थाटला. आप्पा सोलापुरातच शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत राहत. त्या खोलीत मी एकदाच गेलो. बसायला काही नव्हतं, म्हणून उभ्यानंच त्यांच्या साध्या राहणीचं कौतुक ऐकून आलो.

मग आप्पा निवृत्त झाले. कचेरीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. आप्पांनी भाषणात वेळ ही वागवण्याची वस्तू नाही असं सांगितलं आणि घड्याळ तिथल्या तिथं शिपायाच्या हातात दिलं. टाळ्या पडल्या. वर्गणी आम्ही काढली होती, टाळ्या आप्पांना.

त्याच सुमारास माझी मुलगी बाळंत झाली. आमची ही आधीच पुण्याला गेली होती. मी महिन्याची रजा काढून मागाहून निघालो. बरोबर माझ्या कपड्यांची ट्रंक, वळकटी आणि डिंकाच्या लाडवांची नि शेंगाच्या चटणीची टोपली. सकाळच्या गाडीला डब्यात शिरतो तो खिडकीशी आप्पा, मांडीवर पिशवी.

"कुलकर्णी, पुण्याला चाललाय का पुणं जिंकायला?"

मी ट्रंक त्यांच्या पायांवरून मुद्दाम घासून बाकाखाली ढकलली.

कुर्डुवाडीला मी दोघांचा चहा घेतला. तेव्हा त्यांनी सांगितलं, की खोली सोडली. मालकाला हवी होती, किल्ली देऊन टाकली. खाट शेजाऱ्याला, स्टोव्ह समोरच्या बाईला. जे राहिलं ते पिशवीत. "आयुष्याचं सामान किती, तर एवढं," असं म्हणून त्यांनी पिशवी वर उचलून दाखवली. समोरच्या बाकावरचा एक व्यापारी कौतुकानं मान हलवू लागला.

"म्हणजे आता पुण्यातच?" मी विचारलं.

"पोराकडं. आणि कुटं?"

"त्याला कळवलंत?"

"कळवायचं काय त्यात? दारात हुबं राहिलो की म्हणंल, या आप्पा, राहा आता. मी म्हणंन, बरं."

"आणि नाही म्हणाला तर?"

आप्पांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "म्हणंल की," ते म्हणाले. दौंड गेलं तरी त्यांनी ओझ्याविषयी एक शब्द काढला नाही. त्या व्यापाऱ्याची निराशा झाली असावी.

पुण्याला उतरल्यावर मला मुलीकडे जायचं होतं. आप्पा म्हणाले, "वाटंवरच हाय. चहा घेऊन जावा की." उलट्या बाजूनं चहाचं आमंत्रण येण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मी गेलो. रिक्षावाला थांबेना. त्यानं माझी ट्रंक आणि वळकटी जिन्याच्या तोंडाशी वर आणून टाकली. टोपली माझ्या हातात होती.

दार सुनेनं उघडलं. पदर घेऊन पाया पडली आणि नजर आधी आप्पांच्या हाताकडे गेली. पिशवी बघून तिचा चेहरा सैल झाला. तिला मी दोष देत नाही. दोन खोल्या, दोन मुलं, कोपऱ्यात शिलाई मशीन, त्याच्यावर लोकांच्या पोलक्यांचा ढीग. महादेव रविवार म्हणून घरीच होता. बापाला बघून तो खरंच खूश झाला.

"आमच्या आप्पांचं हे एक बरं, काका," तो मला म्हणाला. "लोकांकडं पाहुणे येतात ते ट्रंका बघूनच धडकी भरते. आप्पा पिशवी घेऊन येतात, पिशवी घेऊन जातात." मग बापाकडे वळून, "उद्या सकाळचीच गाडी ना? मी स्कूटरवरनं सोडतो."

आप्पांनी बशी तोंडाला लावली होती. ती त्यांनी पुरी प्यायली, खाली ठेवली आणि तिच्यात कप नीट ठेवला. "व्हय," ते म्हणाले. "सकाळचीच."

मला त्यांचा मनस्वी राग आला. अनोळखी म्हातारीची वाकळ ओढून घेणारा हा माणूस. याला पोटच्या पोराकडे एक कोपरा मागता येत नव्हता. सून आणखी चहा विचारत होती, आणि साकु म्हणायलाही त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता. हात नुसता आडवा हलला.

मी उठलो. महादेवही उठला. "काका, ट्रंक तुमची ना बाहेर? खाली आणून देतो."

"माझी ही टोपली," मी म्हणालो. "ट्रंक आणि वळकटी आप्पांची." आणि खिशातून ट्रंकेची किल्ली काढून त्यांच्या बशीशेजारी ठेवली. "ही तुमची माझ्याकडंच राहिली होती."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. महादेव जिन्यापर्यंत जाऊन आला.

"आप्पा, एवढं सामान?"

किल्लीवर आप्पांचा हात होता. "खोली सोडली की," ते म्हणाले.

महादेवानं बायकोकडे पाहिलं. ती दारात जाऊन ट्रंकेकडे बघून आली. मग मशीनवरची पोलकी उचलून तिनं पलंगावर ठेवली. "मशीन भिंतीकडं सरकवावं लागंल," ती म्हणाली. "तुमी ती आत घ्या आधी."

मी टोपली घेऊन जिन्यात आलो. माझे सगळे सदरे त्या ट्रंकेत होते, आणि ते आप्पांच्या अंगाला ढगळ होतील असा विचार माझ्या मनात आला. महादेवानं एका कडीला धरून ट्रंक उचलली. मागून आप्पा धावत बाहेर आले आणि त्यांनी दोन्ही हात तिच्या बुडाखाली लावले.

"हळू, महादेवा," ते म्हणाले. "लई जड हाय."