सरकत्या झाकणाची पेटी

बुलबुलतरंग फडक्यात गुंडाळून नेणं आपल्याला शोभत नाही, असं धर्मराज प्रधानांनी वैशाखातल्या एका सकाळी दात घासता घासता ठरवलं आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

धर्मराज पनवेलात एका मिठाच्या पेढीवर कारकून होते. पेढीवरचा टाइपरायटर त्यांना बडवता येत असे आणि बुलबुलतरंगालाही तशाच कळा असतात, एवढ्या भांडवलावर ते स्वतःला वादक समजत. (त्यांचं टाइपिंग वाचणाऱ्यांचं मतही फारसं चांगलं नव्हतं.) आळीच्या गणेशोत्सवात एकट्यानं वाजवायची संधी त्यांना बारा वर्षं मागे लागून यंदा कुठे मिळाली होती. पेढीचे शेट पुढच्या खुर्चीत बसणार होते. अब्रूचाच प्रश्न होता.

मेहुणा दयाराम बासरी वाजवी. त्याच्या बहिणीनं, म्हणजे धर्मराजांच्या बायकोनं, वेणूनं, त्याला जुन्या अभ्र्याची पिशवी शिवून दिली होती. तशीच तुम्हालाही शिवते, असं ती म्हणाली. धर्मराज हसले. पिशवीत भाजी आणतात, वाद्य पेटीत असतं, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं.

पेढीच्या मागे मिठागरात पाणी अडवायच्या जुन्या फळ्या पडल्या होत्या. त्यातल्या दोन त्यांनी उचलल्या, तेव्हा मीठ भरायला आलेली हौसाबाई पाटी खाली ठेवून बघत राहिली.

"त्या फलीनं जनमभर मीठ खाल्लंय, भाऊ," ती म्हणाली. "आता खडखडीत हाय, पन भादव्यात फुगंल. आमी तिचा दरवाजा पन करत नाय."

"दरवाजा नाही, पेटी करतोय," धर्मराज म्हणाले. एवढ्यानं आपण तिला निरुत्तर केलं, असं त्यांना वाटलं.

पेटी मात्र झाली झकास. झाकण खाचेतून सरकणारं, आणि इतकं नेमकं की फटीत पोस्टकार्ड शिरू नये. अस्तराला वेणूच्या मखमली पोलक्याची पाठ गेली. (हे वेणूला गौरीच्या दिवशी कळलं. तो वेगळा विषय आहे.) कार्यक्रमाला आठ दिवस उरले, तेव्हा हात ताजा राहावा म्हणून त्यांनी सराव थांबवला, बुलबुलतरंग आत ठेवला आणि झाकण लावून टाकलं. बाहेर आठ दिवस पाऊस लागून राहिला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी धर्मराज मंचावर बसले, पेटी मांडीवर घेतली, शेटना नमस्कार केला आणि ऐटीत झाकण सरकवायला गेले. झाकण हललं नाही. त्यांनी दोन्ही अंगठे लावले, मग पेटी गुडघ्यांत धरली. पुढची काही पोरं फिदीफिदी हसू लागली. दयाराम बासरी ठेवून धावत आला. झाकण त्यानं धरलं, पेटी धर्मराजांनी, आणि दोघांची रस्सीखेच सुरू झाली.

"भावोजी, सोडू नका," दयाराम म्हणाला.

त्याच क्षणी त्याचाच हात सुटला. धर्मराज पेटीसकट उताणे पडले. आतला बुलबुलतरंग झणकारला, आणि त्या संध्याकाळी त्याचा तेवढाच एक सूर लोकांनी ऐकला. मंडप हसून हसून लोळायचा बाकी होता. शेट डोळे पुसत होते. पहिलं बक्षीस धर्मराजांना मिळालं, नकलांमधलं.

त्या रात्री ते जेवले नाहीत. बारा वर्षं वाट पाहिली ती याच्यासाठी का, असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि पोलक्याचं सगळं विसरून वेणूनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मार्गशीर्षात कोरडी हवा पडली आणि झाकण एका बोटानं सरकलं. आत तारा गंजून तांबड्या झाल्या होत्या.

पुढच्या वर्षी आळीची छापील पत्रिका आली. तिच्यात होतं: 'लोकाग्रहास्तव, श्री. धर्मराज प्रधान, पेटी उघडणे.' धर्मराजांनी पत्रिका भिरकावली. आपण कलावंत आहोत, आपण जाणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि पेटी माळ्यावर टाकायला म्हणून ते उठले. पेटी कोनाड्यात नव्हती.

"मोरीपाशी ठेवलीय," वेणू भाजी निवडता निवडता म्हणाली. "दयारामनं पत्रिकेचं सांगितलं तेव्हापासून, आठ दिवस झाले. आयत्या वेळी उघडली, तर चारचौघांत अब्रू जायची तुमची."