सुकन्येच्या लग्नातली शिष्टाई

दोन पक्षांत कायमची शांतता हवी असेल, तर त्यांची गाठ पडू देऊ नये, हे परराष्ट्र व्यवहाराचं मूलतत्त्व आहे. मानवजात हे तत्त्व ज्या प्रसंगी हौसेने मोडते, त्याला लग्न म्हणतात.

पुंजाजी लोंढे यांना हे तत्त्व तोंडपाठ होतं. चौतीस वर्षं त्यांनी परदेशी वकिलातींत काढली, शेवटची काही राजदूत म्हणून. नऊ देशांत नोकरी झाली आणि त्यांतल्या एकाही देशाला ते आठवत नाहीत. (या खात्यात याला निष्कलंक कारकीर्द म्हणतात.) एका बेटावर मासेमारीच्या हद्दीचा तंटा त्यांच्याकडे आला, तो त्यांनी इंचभरही कमी होऊ न देता पुढच्या राजदूताच्या हवाली केला.

१९९८ साली निवृत्त होऊन ते जवळा बाजारजवळच्या आपल्या गावी परतले. तेव्हा गाव परभणी जिल्ह्यात होतं, पुढच्याच वर्षी हिंगोलीत गेलं. प्रवासभत्त्याशिवाय झालेली ही त्यांची एकमेव बदली. गावाने कौतुक केलं. (याआधी गावात एकच राजदूत होता, आणि तो सोनाजी सरपंचांच्या ओसरीपुढे स्टँडला लावलेला असे.)

नोकरीपायी बहिणीच्या, नर्मदाबाईच्या घरचं एकही कार्य त्यांना गाठता आलं नव्हतं. मामाने नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. थोरल्या तीन भाच्यांच्या पाठीशी मामाऐवजी शुभेच्छांची तार होती. आता उरली होती धाकटी सुकन्या.

"दादा, तुमी काहीबी करू नका," नर्मदाबाईने बजावलं. "निस्तं तिच्या मागं उभं राहा."

काहीही न करण्याचा पुंजाजींना दांडगा अनुभव होता, पण तो विचारपूर्वक न करण्याचा.

नवरदेव शिवहार फौजेत. रजा संपलेली, संध्याकाळी पूर्णेहून गाडी. दुपारी अक्षता पडल्या नाहीत तर पुढची रजा वर्षाने.

आपल्याकडे मंगलाष्टकांआधी भोंग्यावरून नाव पुकारून पाहुण्यांना टोपी-टॉवेल देतात. मुहूर्त टळतो तो यातच, असं पुंजाजींनी निरीक्षणाने ताडलं. 'माझ्या आधी तो कसा' यावरून दर दहा लग्नांत साडेनऊ भांडणं होतात. (उरलेलं अर्धं घरी गेल्यावर होतं.) उपाय तयारच होता. जिथे शंभरावर देश एका सभागृहात बसतात, तिथे वर्णानुक्रम चालतो. भेदभाव नको म्हणून पुंजाजींनी मांडवातल्या यच्चयावत पुरुषांची 'अ' ते 'ह' अशी क्रमवारी लावली.

पहिली टोपी अंबादासला मिळाली. अंबादास जनरेटर चालवायला आला होता.

नवरदेवाचे थोरले चुलते सटवाजी 'स'मध्ये होते. भोंगा 'ग'वर असतानाच ते उठले आणि वऱ्हाडाच्या टेम्पोत जाऊन बसले.

"काहून उठले, सटवाजीराव?" पुंजाजींनी खिडकीशी जाऊन विचारलं.

"इंजनवाला पहिला, आन् नवरदेवाचा चुलता आखरीला? बराबर हाय तुमचं. चालू द्या."

पुंजाजींचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर प्रथमच कोणीतरी त्यांच्याशी राजनैतिक संबंध तोडले होते.

"दादा, मुहूर्त!" मांडवातून हाक आली.

"आलोच."

चर्चेची पहिली फेरी खुल्या वातावरणात पार पडली (टेम्पोच्या काचा खाली होत्या). दुसऱ्या फेरीत मतांची स्पष्ट देवाणघेवाण झाली (सटवाजींनी तांब्या भिरकावला). तिसऱ्या फेरीत त्यांना टोपीऐवजी फेटा देण्याचं ठरलं. ही सवलत कानावर येताच मुलीकडचे सोनाजी सरपंच उठले आणि कडब्याच्या गंजीवर चढून बसले. अशा रीतीने दोन्ही पक्षांकडे एकेक रुसलेला माणूस होऊन शक्तिसंतुलन साधलं गेलं. पुंजाजी टेम्पो ते गंजी खेपा घालू लागले.

शेवटी मुंडावळ्या सावरत सुकन्याच आली.

"मामा, येऊन राहिले ना?"

"पाचच मिनिटं, बाळ. संयुक्त निवेदनाचं पहिलं वाक्य अडलंय. 'रुसले' म्हणावं, की 'तात्पुरते दूर बसले'?"

सुकन्येने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मामा, रेल्वे निवेदन वाचत न्हाई," म्हणाली आणि परत गेली.

भोंगा अजून नावांतच गुंतला होता, त्यामुळे मंगलाष्टकं साध्या गळ्याने झाली. नवरीच्या पाठीशी नर्मदाबाईच उभी राहिली. अक्षता पडल्या. टेम्पो वाटाघाटींत असल्यामुळे नवरा-नवरी एसटीने गेले.

ऊन कलता कलता करार झाला. सटवाजी आणि सोनाजींची गळाभेट झाली. निवेदन घेऊन पुंजाजी मांडवात आले, तेव्हा तिथे आचारी कढया घासत होते. सवयीने त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"नवरी कुठंय?" सटवाजींनी विचारलं.

"गेली," नर्मदाबाई म्हणाली.

"गेली? आमाला न विचारता?" सटवाजी पुन्हा टेम्पोत जाऊन बसले.

या वेळी पुंजाजी मागे गेले नाहीत. सुकन्या जिथे उभी राहिली असेल, त्याच्या बरोब्बर मागे, अक्षता पसरलेल्या सतरंजीवर ते बराच वेळ नुसते उभे राहिले. नर्मदाबाईने सांगितलं होतं तसे.

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त आपण गेलो होतो ते शेवटचं लग्न आठवावं. टॉवेल कोणत्या रंगाचा होता, आपल्या आधी कोणाला मिळाला, पत्रिकेत आपलं नाव कितवं होतं, हे आठवेलच.

आता नवरीचं नाव सांगा.