आरोग्यमंत्री आणि सरांची दहा बोटं

परिपाठ संपला, प्रतिज्ञा झाली, आणि चौथीतली गुंजन रांगेतून बाहेर पडून थेट मंदार सरांसमोर उभी राहिली.

"सर, तुमचे हात पाहाचे राह्यले. दाखवा न."

सरांचे दोन्ही हात होते तिथून तडक पॅन्टच्या खिशात गेले. पांढरकवड्यापासून बारा किलोमीटरवरची ती दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा. एकतीस पोरं, मुख्याध्यापक वामनराव आणि खिचडी शिजवणाऱ्या भुरीबाई, एवढ्या सगळ्यांच्या नखांची तपासणी झाली होती. राहिले होते ते फक्त सर.

"माझे सोमवारी पाहू," सर म्हणाले. "आज खडूने माखलेत."

ही आफत सरांनी स्वतःच ओढवून घेतली होती, दुसऱ्या कोणाला बोल लावायची सोय नव्हती. महिन्यापूर्वी ते एका प्रशिक्षणाला गेले होते. विषय, मुलांची नखं कुरतडायची सवय. तिथं सांगितलं, बोटांना मिरची लावू नका, छडी उगारू नका. नखाखाली काय काय दडलेलं असतं ते मुलांना नीट समजावून द्या, आणि ज्याला सवय आहे त्याच्याच हाती जबाबदारी सोपवा. सरांना ते फार पटलं. परत आल्यावर त्यांनी भिंगातून नखातला मळ दाखवला, फळ्यावर हातभर लांब जंत काढला, आणि बालमंत्रिमंडळातलं आरोग्यमंत्रीपद गुंजनला दिलं. कारण गुंजनची नखं शाळेत सगळ्यांत वाईट होती. म्हणजे नखं होती कुठं? बोटांच्या टोकांना नुसतं लाल मांस.

मंत्रीपद घेताना तिने एकच विचारलं होतं. "सर, तुमी लहान होते तवा कसं सोडलं?"

इथं खरं सांगून टाकायला हवं होतं. पण समोर एकतीस तोंडं, त्यात प्रशिक्षणाचा नवा उत्साह. "मी? मी आयुष्यात कधी नख तोंडात घातलं नाही," असं सर ठोकून मोकळे झाले.

आणि वस्तुस्थिती अशी, की बत्तीस वर्षांच्या या गृहस्थाला नेलकटर कशाशी खातात हे माहीत नव्हतं. पेपर तपासताना, बँकेच्या रांगेत, मोबाइलवर वरून एखादा नवा आदेश येऊन आदळला की, त्यांचं एक ना एक बोट दातांखाली असायचं. वर्गात तेवढे ते मुठी मिटून वावरायचे.

गुंजनने मात्र त्या थापेवर विश्वास ठेवला. तीन दिवसांत तिचं बोट तोंडाकडे जायचं थांबलं. तिचे वडील गोपालभाऊ शाळेत येऊन हात जोडून गेले. "सर, चार वर्षं ओरडून थकलो आमी. पोरगी आता म्हन्ते, सरायच्यानं होते त माह्याच्यानं काहून नाई?" ते ऐकून सरांना वाटलं, उद्या ही थाप उघडी पडली की पोरगी पुन्हा दहाही बोटं कुरतडत बसणार, आणि त्याचं पाप आपल्या माथी. या एका धास्तीने त्यांनी त्याच दिवशी दोन नखं जास्तीची खाल्ली.

तर आता गुंजनला 'सोमवारी' म्हणून सांगितलेलं. एका रविवारात नखं काही उगवणार नव्हती. सोमवारी सर शाळेत आले ते दहाच्या दहा बोटांना पांढऱ्या चिंध्या गुंडाळून.

"बाप्पा, हे काय झालं?" भुरीबाईंनी हातातला झारा खाली ठेवला.

सरांनी रस्त्यात उत्तर तयार करून ठेवलं होतं. "काल रविवारी मित्राच्या वावरात कापूस वेचायला गेलो होतो. बोंडाची टोकं लागली."

उत्तर तसं चोख होतं. वेचणीच्या दिवसांत त्या गावात निम्म्या बायांच्या बोटांना अशा चिंध्या असतात. पण सरांचे वडील वणीला कचेरीत, आजोबा कचेरीत. कापसाच्या गावात कापसाची थाप मारणं म्हणजे काय, याचा त्यांना अंदाज नव्हता.

"किती वेचला?" भुरीबाईंनी लगेच विचारलं.

"असेल की... चाळीस किलो."

"किती दिवसात?"

"दिवस कशाला? सकाळचा गेलो, जेवायला परत."

भुरीबाईंनी सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खिचडी उतरवून ही बातमी घेऊन त्या गावात गेल्या. भुरीबाईंची उभी जिंदगी वेचणीत गेली होती, पण दुपारपर्यंत चाळीस किलो त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी सर मोटरसायकलला किक मारतात तर गोपालभाऊ समोर. "सर, माह्या वावरात कापूस लोंबून राह्यला. मजूर भेटत नाई. रविवारी तुमी याच. नाई म्हनू नका."

नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर चिंध्या खोट्या, चिंध्या खोट्या तर नखं खोटी. सर रविवारी कमरेला कापूस ठेवायची ओटी बांधून कपाशीच्या पऱ्हाटीत उभे राहिले. उन्हात चार तास वाकून त्यांनी पाच किलो कापूस वेचला, तोही निम्मा पालापाचोळ्यासकट. बोंडाची टोकं चिंध्यांतून आरपार गेली आणि निदान तेवढी थाप खरी झाली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. गोपालभाऊ मात्र समजूतदार माणूस. "नव्या वावरात हात चालत नाई मानसाचा," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी सवय होईन."

म्हणजे पुढचा रविवारही गेला. कंबर धरली, मान आखडली. वर आणखी एक यातना, काळजीने जीव कासावीस झाला तरी कुरतडायला काही नाही. बोट सवयीने तोंडाकडे जायचं आणि दातांत यायचा चिंधीचा धागा. चिंध्या सोडाव्यात तर रोज परिपाठाला गुंजन विचारणार, "सर, बरं वाटते?" इतक्या मायेने विचारायची, की सरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

असे वीस दिवस गेले आणि केंद्रप्रमुख कुंदा मॅडमचा निरोप आला. उपक्रम पाहायला येते, मुलांचे हात बघेन, फोटो काढेन. सर रात्रभर तळमळले आणि सकाळी शाळेत पोहोचले, तर फाटकातच थबकले.

एकतीस पोरं रांगेत उभी. आणि एकूण एक पोराच्या दहाही बोटांना चिंध्या. कुणाची आईच्या लुगड्याची, कुणाची बापाच्या बनियनची, एकाची तर चक्क सुतळी.

"हे काय रे?" सरांनी विचारलं. तेवढ्यात मागे मॅडमची गाडी थांबली.

कुंदा मॅडमनी रांगेवरून नजर फिरवली. मग सरांच्या बोटांवर. त्याही याच जिल्ह्यातल्या, अशा चिंध्या कशाने येतात हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. "वामनराव," त्या थंडपणे म्हणाल्या, "शाळेतली मुलं कापूस वेचायला कोणी नेली?"

"नाई मॅडम," वामनराव घाबरून म्हणाले, "पोरं नाई, सर जातात."

मुलीला सोडायला आलेल्या गोपालभाऊंना वाटलं, सरांसाठी दोन चांगले शब्द बोलावेत. "मॅडम, असे मास्तर भेटनार नाई. दोन रविवार माह्या वावरात राबले."

"असं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली. "म्हणजे शिक्षकच मुलांना घेऊन वेचणीला जातात. मला हे वर कळवावं लागेल."

सरांच्या डोळ्यांसमोर निलंबनाचा कागद नाचायला लागला. खोटं सगळं बोलून झालं होतं. आता हातात उरलं होतं ते फक्त खरं. त्यांनी गुंजनकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "मॅडम, मुलं कुठं गेलेली नाहीत. चिंध्या मी लपवायला बांधल्या. मी नखं खातो. लहानपणापासून. मुलांशी खोटं बोललो."

असं म्हणून त्यांनी एकेक चिंधी सोडली आणि दोन्ही पंजे पुढे केले.

मॅडमनी चष्मा लावून पाहिलं. वीस दिवस दात न लागलेल्या बोटांवर दहा पांढऱ्याशुभ्र कडा नीट उगवून आल्या होत्या.

"नखं तर उत्तम आहेत," मॅडम म्हणाल्या. "सर, निदान खोटं तरी पटेल असं बोला."

सर स्वतःच्या बोटांकडे पाहतच राहिले. जन्मात पहिल्यांदा नखं आली होती, आणि ती नेमकी आज.

"मॅडम, सर खरं बोलून राह्यले." गुंजन पुढे आली. तिने आपल्या चिंध्या सोडल्या आणि आपला इवलासा पंजा सरांच्या पंजाला लावून धरला. "हे पाहा. टोक कसं फुगलं हाय, नख कसं आखूड हाय. खानाऱ्याचं बोट असंच रायते. माह्यं बी तसंच."

"तुला केव्हा कळलं?" सरांनी कसंबसं विचारलं.

"तुमी हात खिशात घातले न, त्याच दिवशी. मीबी तसेच घालत होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाले कसंतरी वाटलं असतं." गुंजनने खाली पाहिलं. "आज मॅडम येनार होत्या. चिंधी तुमच्या एकट्याच्याच बोटाले राह्यली असती त मॅडमनं तुमालेच विचारलं असतं. म्हनून म्या सगळ्या पोट्ट्यायले सांगतलं, आपनबी बांधू."

मॅडमनी वही मिटली. गोपालभाऊ टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले. सरांचे डोळे भरून आले, आणि त्या भरात त्यांचा उजवा अंगठा हळूहळू तोंडाकडे निघाला.

"सर," आरोग्यमंत्री हलकेच म्हणाली.

सरांनी हात खाली घेतला.