टावर चौकात वाजलेला बास

सदूकाका फणसे आरती म्हणत नसत. आरतीच्या खालचं म्हणत. गणपतीत उज्जैनचं आमचं सगळं माधवनगर टाळ्या वाजवत वरच्या पट्टीत ओरडत असायचं आणि मागे खांबाला टेकून, डोळे मिटून, काका एकटेच 'घूंऽ घूं घूं, घूंऽ घूं' करत असायचे. पुजारी नवा असला की तो आधी भुंगा कुठे शिरलाय ते शोधायचा.

"काका, शब्द येत नाहीत का?" मी एकदा विचारलं.

"शब्द म्हणायला सगळा मोहल्ला आहे. बुनियाद कोण सांभाळणार? तुझा बाप?"

'बुनियाद' हा काकांचा शब्द. आमच्या घरचा चहा प्यायले की म्हणत, "वैनी, गोड आहे, पण बुनियाद नाही." मोठमोठ्या पुढाऱ्यांची भाषणं ऐकून येत आणि ओट्यावर बसून निकाल देत, "वरून अच्छा होता. खाली काहीच नाही."

ते रियासतीच्या बँडमध्ये बास वाजवत. अंगाभोवती अजगरासारखं वेटोळं घालून डोक्याच्या वर भलंथोरलं तोंड उघडणारा तो पितळी बाजा. देश स्वतंत्र झाला, रियासत विलीन झाली, महाराजांची सलामी संपली आणि बँडही मोडला. मोडीत निघालेला तो बास काकांनी बँडवरच्या साहेबांच्या हातापाया पडून घरी आणला आणि ते रहमत मास्टरांच्या लग्नाच्या बँडमध्ये लागले. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. "आधी राजाच्या मागे चालत होतो, आता दूल्ह्याच्या मागे. पुढे घोडा तोच!"

अडचण वेगळी होती. वरातीतली माणसं चार मात्रांच्या ठेक्यावर नाचतात. काका रंगात आले की त्यांचा बास हळूच सात मात्रांत शिरायचा. कुठल्याही गाण्याच्या खाली, कधीही. मग नाचणाऱ्यांचा पाय दर आवर्तनाला हवेतच राहायचा. फ्रीगंजात एका लग्नात नवरदेवाचे मामा असेच हवेत पाय ठेवून फुलवाल्याच्या टोपलीत बसले. मुलाकडच्यांनी पैसे कापले. रहमत मास्टर कपाळावर हात मारून म्हणाले, "फणसे, तेरा बाजा है कि लंगडा ऊँट?"

पण आम्ही काही कॉलेजातली पोरं त्या लंगड्या उंटाच्या पार प्रेमात होतो. मी आणि माझा मित्र कैलास, आम्ही त्यात सगळ्यात पुढे. ओळखीची नसलेली लग्नं आम्ही गाठायचो, पंगतीसाठी नव्हे, वरातीसाठी. सगळे नाचायला पुढे, आम्ही मागे, बासच्या तोंडाखाली. तिथे रस्त्याची फरशी तळपायातून बोलायची. असं वाजवणारा माणूस साऱ्या माळव्यात नव्हता, हे तेव्हा आम्हाला ठाऊक होतं आणि आज साऱ्या उज्जैनला ठाऊक आहे.

काका गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचे उरलेले चाहते भेटले की टावर चौकाची गोष्ट निघतेच. ती चुकीची सांगितली जाते. म्हणतात, त्या दिवशी बास एकटा वाजवायचा ही कल्पना रहमत मास्टरांची होती. मास्टर भला माणूस. त्यांनी ते श्रेय कधी मागितलं नाही. पण त्या दिवशी मी तिथे होतो, आणि माझ्या खिशात चिंच होती.

मध्य भारत जाऊन नवं मध्यप्रदेश राज्य झालं त्याचा जलसा होता. मंत्री येणार, चौकात मंच, रहमत मास्टरांचा बँड. आदल्या दिवशी मास्टरांनी काकांना सगळ्यांदेखत बजावलं, "कल सीधा चार में बजाना. एक बार भी बहका, तो बाजा रखके घर बैठना."

काका "जी मास्टर" म्हणाले. घरी आले आणि पितळ घासत बसले. देवळातल्या संध्याकाळच्या आरतीलाही आले नाहीत. बास वाजवणं गेलं तर या माणसाकडे उरतंय काय, ते आम्हाला दिसत होतं. घरात ते एकटेच. काकू माझ्या लहानपणीच गेल्या होत्या.

"वरचे बंद पडले तरच लोकांना खालचं ऐकू येईल," कैलास म्हणाला. "पब्लिक एक बार सुन ले, फिर मास्टर कैसे निकालेगा?"

फुंकून वाजवणाऱ्यासमोर कोणी चिंच चोखली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि फुंक मरते, हे सगळ्यांना माहीत असतं. आम्ही हिरवीगार, करकरीत चिंच आणली. मंत्री बसले, बँड सुरू झाला. पहिल्या रांगेत उभे राहून आम्ही चिंच चोखायला लागलो, तोंडं वेडीवाकडी करून, मिटक्या मारत. आधी क्लॅरिनेट फुसफुसलं. मग कॉर्नेटं एकामागून एक गळाली. शेवटी खुद्द रहमत मास्टर गाल फुगवून, हनुवटी पुसत, डोळे वटारून उभे.

काका सर्वांत मागे, डोळे मिटून. त्यांना ना आम्ही दिसलो ना चिंच. त्यांना एवढंच कळलं की वर मोकळं झालंय. आणि वर मोकळं झालं की हा माणूस आपोआप सातात जायचा.

चौक आधी गप्प झाला. मग ढोलवाल्याने मान हलवली आणि काकांचा ठेका धरला. पोहेवाल्याचा झारा कढईवर पडायला लागला. टांगेवाले उभे राहिले. मंत्र्यांचा बूट हलताना मी स्वतः पाहिला. "वाह दादा! और! और!" गर्दी मंचाला भिडली. आयुष्यभर कधी राजाच्या, कधी वरातीच्या शेपटाला चाललेला तो माणूस साऱ्या गावाला पुढे घेऊन चालला होता, आणि आता एकाचाही पाय चुकत नव्हता. कैलास तर रडत होता, चिंचेनेही असेल.

तेवढ्यात काकांनी डोळे उघडले. समोर मास्टर, मान खाली. तिथे काका काय वाटेल ते करू शकले असते. पण त्यांनी आवाज बारीक केला, एकाच सुरावर येऊन थांबले आणि मास्टरांकडे बघत तो सूर धरून ठेवला. मास्टरांनी तोंड पुसलं, कॉर्नेट लावलं. काकांनी त्यांना सरळ चारात घेतलं आणि शेवटापर्यंत नेलं. चौक नुसता गरजत होता. हार मास्टरांच्या गळ्यात पडला, कारण मंत्र्यांना पुढचाच माणूस दिसला.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही मंचामागे धावलो. "काका, एकटे जिंकलात!"

काका बासवर हात ठेवून खुर्चीत बसले होते. चिंचेचा वास त्यांना लगेच आला.

"गाढवांनो, एकटं वाजवायला बास असतो का? मी कोणाच्या खाली उभा राहू?" त्यांनी बाहीने बासचं पितळ पुसलं. मग म्हणाले, "तुमची काकू पापड लाटताना गायची. तीनदा लाटणं, दोनदा पापड फिरवायचा, दोनदा पिठी झटकायची. गाणंही तसंच पडायचं. मी शेजारी बसून खालचं घूं घूं करायचो. ती गेली. मी खालचंच वाजवून राहिलोय, वर तिची जागा ठेवून."

मागे रहमत मास्टर उभे होते. किती ऐकलं त्यांनी, कोण जाणे. गळ्यातला हार काढून त्यांनी बासच्या तोंडावर चढवला आणि खुर्ची ओढून काकांसमोर बसले.

"फणसे, वो ऊपर का क्या था? जरा गाके बता."

बाहेर लोक अजून ओरडत होते. काकांनी घसा खाकरला आणि फाटक्या, थरथरत्या आवाजात ते गाणं म्हटलं. मास्टरांनी कॉर्नेट ओठांना लावून ते उचललं. पहिली ओळ बरोबर आली. दुसरीत काकांनी हात वर केला.

"नहीं मास्टर, इथे नाही पळायचं," ते म्हणाले. "इथे ती थांबून माझ्याकडे बघायची."