बबनरावांची आखूड बंदूक

"एक शेंग! एक शेंग जरी माकडाच्या पोटात गेली ना, तर हे मिशी उतरवून टाकीन!"

बबनरावांनी मिशीला पीळ देत सांगितलं, तेही चहाच्या टपरीवर, दहा माणसांसमोर! आता मिशी म्हणजे तरी कशी? दोन्ही टोकं कानाशी गुजगोष्टी करणारी!

मारेगावजवळच्या त्यांच्या वावरात तुरीला टचटचीत शेंगा धरल्या होत्या. रविवारी लेकीचे सासरे भगवानराव पहिल्यांदाच जेवायला येणार होते, आणि बबनरावांच्या बायकोनं, इंदुताईंनी, त्यांना ओल्या तुरीच्या दाण्यांच्या सोलेभाताचा शब्द दिला होता. माकडांना मात्र रविवारपर्यंत थांबायचं कोणी सांगितलं नव्हतं.

राखणीला छर्‍याची बंदूक होती. माकड पडलं मारुतीचं, म्हणून बबनराव हवेतच फट्ट करायचे. पण बंदूक होती चांगली चार फूट लांब. मोटरसायकलीला आडवी बांधली की अर्धा रस्ता तिचाच! एकदा तर बाजारातून जाताना तिनं वांग्याचं अख्खं टोपलं उचलून घरी आणलं होतं.

अशात मोबाइलवर त्यांना बुलपप बंदूक दिसली. मागचा दस्ता कापायचा, चाप पुढं न्यायचा आणि छर्रा भरायची जागा थेट गालापाशी आणायची. झाली बंदूक निम्मी! लालसिंग मिस्त्रीनं चार दिवस कापाकापी करून ती तयार केली आणि सरकतं झाकण दाखवून म्हणाला, "बबनभाऊ, हे झाकन आता मिशीखालीच आलं. जरा जपून!"

"अरे, माह्या मिशीले पाहून झाकनच भिईन!"

शनिवारी सकाळी बबनराव वावरात पोचले, तर कडेच्या धुर्‍यावर, बांधावर, माकडांची पंगत बसलेली. एरवी ती लांब नळी दुरून दिसली तरी पळायची. आज हुप्प्यानं बंदुकीकडं पाहिलं, बबनरावांकडं पाहिलं आणि निवांत दुसरी शेंग तोडली.

"काहून पळत नाही बे?"

बबनरावांनी हवेत चाप ओढला. फट्ट! आवाज थेट कानातच झाला, आणि दोन फूट उडाले ते बबनराव. माकडं जागची हलली नाहीत!

मग चिडून त्यांनी, व्हिडिओतल्यासारखी बंदूक गालालाच ठेवून, दुसरा छर्रा भरला. व्हिडिओतल्या माणसाला मिशी नव्हती, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. झाकण सरकलं, खटकन बसलं, आणि उजवी मिशी आत!

"इंदेऽऽ! धाव वं!"

पलीकडं शेंगा तोडणार्‍या इंदुताई ओटीतल्या शेंगा सांभाळत आल्या. "अवो, बंदुकीले कायले चावून राह्यले?"

"मी नाही, तेच मले चावून राह्यली!"

झाकण उघडेना. ओढलं की डोळ्यांत पाणी! गंमत बघायला माकडं आणखी जवळ सरकली. इंदुताईंनी वैतागून धुर्‍यावरची तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळकी, लांबलचक काठी उचलली, खांद्याला लावली आणि एक डोळा मिटला. काय सांगावं! हुप्प्यासकट सगळी फौज नाल्यापार! बबनरावांना मिशीपेक्षा तेच जास्त लागलं.

"लालसिंगले बलाव."

"तोवर असेच लटकून राह्यता काय? डोये मिटा!" असं म्हणत त्यांनी कमरेचा विळा काढला.

रविवारी सोलेभात झाला. बबनरावांनी उरलेली मिशीही उतरवून टाकली होती.

"इवाई, मिशी काहून काढली?" व्याही भगवानरावांनी विचारलं.

बबनराव ताठ बसले. "शब्द दिलता! शेंग गेली, मिशी गेली! आमच्या घरी जबान म्हंजे जबान!"

"वा! मानूस असावा तर असा!" भगवानराव खूश झाले. "अन् टपरीवर आयकलं, बंदूक नवी केली म्हने. ते कोठी हाये? पाहू तरी!"

"राहू द्या, तिले सध्या तेल लावलं हाये..." बबनराव घाईनं म्हणाले.

पण इंदुताई तोवर आतून बंदूक घेऊन आल्यासुद्धा! झाकणातून उजवी मिशी लोंबत होती, पीळ तस्साच!