युडोरा व्हॅलेंटाइन कोण?

"माझ्या नजरेतून काही सुटत नाही, गार्नेट," कथबर्ट पेल्टिये म्हणाला. "माणसाच्या बुटांवरून तो कुठून आला ते मी सांगतो, टोपीवरून कुठे निघालाय ते सांगतो, आणि तो गप्प बसला तर काय लपवतोय तेही सांगतो. अख्ख्या त्रिनिदादमध्ये असा मेंदू दुसरा नाही. टोबॅगोचं मी बोलत नाही, तिथं अजून नीट चौकशी केलेली नाही."

"खरंय," गार्नेट म्हणाला. गेली एकोणतीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. कथबर्ट त्याच्या बायकोचा थोरला भाऊ, शिवाय एकाच घरात मुक्काम, त्यामुळे दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. हे भाषण चालू असताना कथबर्टच्या सदऱ्याचं प्रत्येक बटण एकेक घर खाली लागलेलं होतं, तेही गार्नेटनं पाहिलं आणि पोटात ठेवलं.

कथबर्टनं बंदरावरच्या वखारीत एकतीस वर्षं लोकांचं सामान तोललं होतं. निवृत्त झाल्यावर तो लोकांचे हेतू तोलायला लागला. त्यांच्या बेल्मॉंट वस्तीत दुसऱ्याच्या खिडकीत डोकावणाऱ्याला 'माको' म्हणतात. कथबर्टनं त्याच धंद्याचं कार्ड छापून घेतलं, एवढाच फरक. कार्डावर 'कथबर्ट पेल्टिये, खासगी शोधक' असं होतं, आणि नावातच कथा असल्यामुळे पुढचं सगळं ओघानं आलं. घरातलं त्याचं नाव पम्पी. ते आता टँटी बेबेशिवाय कोणी तोंडावर घेत नसे.

गार्नेट हा त्याचा मदतनीस. कारण गार्नेटकडे प्रवासी गाडी होती आणि कथबर्टकडे नव्हती.

आजवरच्या प्रकरणांपैकी कथबर्टला सगळ्यात अभिमान होता तो बॉयसीच्या ओस मयताचा. कोपऱ्यावरचा बॉयसी वारला आणि मातीला फक्त चार माणसं आली. गल्लीत मोठा संशय. कथबर्टनं तीन आठवडे तपास करून विधवेवर विषप्रयोगाचा आळ घेतला. शेवटी पाववाल्यानं सांगितलं की वर्तमानपत्रात फोटोखाली 'थिओफिलस' छापलं होतं आणि थिओफिलस कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बेल्मॉंटमध्ये माणसाच्या घरातल्या नावाची आणि कागदावरच्या नावाची पहिली भेट बहुधा अशी मेल्यावरच होते. या प्रकरणातून कथबर्ट एवढंच शिकला की पाववाल्यांवर नजर ठेवावी.

तर आता टोबॅगोचं प्रकरण.

टँटी बेबे म्हणजे कथबर्टची आणि जॉसलिनची मावशी. आई गेल्यावर तिनं या दोघांना वाढवलं, मग जॉसलिनची चार मुलं वाढवली, आणि एकाहत्तराव्या वर्षी एका सकाळी चुलीपुढे चक्कर येऊन पडली. डॉक्टरनं रक्तदाब पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाला, आठ-दहा दिवस कुठंतरी समुद्राकाठी, शांत, काहीही न करता. नाहीतर पुढच्या वेळी मला इस्पितळात खाट शोधावी लागेल.

घरच्यांनी लगेच मनावर घेतलं. ईस्टरला टोबॅगोला जायचं ठरलं, एकमतानं, टँटीला न विचारता. मागल्या किनाऱ्यावर मिस अर्मिन नावाच्या बाईचं पाच खोल्यांचं छोटं रिसॉर्ट होतं. तिथं रेडिओला बंदी, मोठ्यानं हसायला बंदी, आणि पेलिकन सोडून कोणी पाण्यात धपकन पडलेलं तिला खपत नसे. तीन खोल्या ठरल्या, चार रात्री, आगाऊ पैसे गेले. याद्या कथबर्टनं केल्या, कारण याद्या हा मेंदूचा विषय. माणसांच्या यादीत अकरा जण आले: तो, जॉसलिन, गार्नेट, चार मुलं, दोन सुना आणि सुनांच्या माहेरची दोन. सामानाची यादी वेगळ्या कागदावर होती. तीत शांततेसाठी एक कमरेएवढा स्पीकर, डॉमिनोचा पाट, पत्त्यांचे तीन जोड आणि बर्फाच्या दोन पेट्या होत्या. उलट्या बाजूला स्वयंपाकाचं होतं, पण ती बाजू कोणी वाचली नाही.

ईस्टरला आठ दिवस असताना कथबर्टनं बोटीची वेळ कळवायला मिस अर्मिनला फोन लावला. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. घरात गुन्हा घडला होता.

मिस अर्मिनचं म्हणणं असं की आदल्याच दिवशी याच घरातून एका बाईचा फोन आला. तीन खोल्या रद्द. भरलेल्या पैशांत एक खोली, एक माणूस, बारा दिवस. खोली समुद्राकडची हवी. नाव युडोरा व्हॅलेंटाइन.

"आपल्यात व्हॅलेंटाइन कोणी नाही," जॉसलिन म्हणाली. "सुनांकडेही नाही. पण टँटीच्या औषधाचं काय? तिची शांतता गेली ना."

"तिची शांतता मी परत आणीन," कथबर्ट म्हणाला. टँटी मागे मटार सोलत बसली होती. तिनं विचारलं, त्या खोलीतून समुद्र नीट दिसतो का रे? कथबर्टनं तिला सांगितलं की तू काळजी करू नकोस, तुझं डोकं शांत ठेव, आणि जेवण किती वाजता आहे.

पहिला निष्कर्ष त्यानं तासाभरात काढला. ही खोल्या पळवणाऱ्यांची टोळी असून युडोरा हा संकेतशब्द आहे. उलटा वाचला की राडोयु. म्हणजे राडा. टोळीला जाळ्यात पकडायला त्यानं नाक दाबून मिस अर्मिनला पुन्हा फोन केला आणि आपण युडोराचा नवरा असल्याचं सांगितलं. मिस अर्मिन म्हणाली, "मिस्टर पेल्टिये, नाक सोडा. जीव गुदमरेल." टोळीचा विचार तिथंच संपला.

मग त्यानं फोनजवळची वही ताब्यात घेतली. वरचं पान फाडलेलं होतं. खालच्या पानावर त्यानं पेन्सिल घासली आणि अक्षरं उमटली: 'एक खोली. समुद्राकडची. बोटीची वेळ?' पानाच्या कोपऱ्यात हिरवट डाग होता. कथबर्टनं तो हुंगला, डोळे मिटले, पुन्हा हुंगला.

जेवायच्या टेबलावर त्यानं हे जाहीर केलं. "पात, थाइम, लसूण आणि शॅडो बेनीचा पाला. ताजा वाटलेला मसाला. ही युडोरा दिवसभर स्वयंपाकघरात असणारी बाई आहे. पहाटे उठणारी. हाताला वास मुरलेला. विचार करा, आपल्या ओळखीत अशी बाई कोण?"

सगळ्यांनी विचार केला. टँटीनं कथबर्टपुढे पेलाव भाताचं ताट ठेवलं, जॉसलिनला कालालूची भाजी वाढली आणि गार्नेटच्या ताटात कोंबडीची तंगडी टाकली. बराच विचार केला, पण अशी बाई कुणालाच आठवली नाही.

"कुठल्या तरी खाणावळीतली," कथबर्ट म्हणाला. "आणि खाणावळीत रोज कोण जातं?" त्यानं मान न वळवता फक्त डोळे गार्नेटकडे वळवले.

गार्नेटनं तंगडी ताटात परत ठेवली. तो दुपारी गाडीतळावरच्या खाणावळीत बेक आणि शार्क, म्हणजे तळलेल्या पावात मासा, खात असे, हे खरं होतं. त्यानं टोबॅगोसाठी पोहायची नवी चड्डी घेतली होती, तीही पिवळी, हेही खरं होतं. जॉसलिननं शांतपणे विचारलं की पिवळी कुणाला आवडते. गार्नेटनं खाणावळवालीचं नाव आठवायचा प्रयत्न केला आणि त्याच्या लक्षात आलं की सगळे तिला मम्सी म्हणतात, खरं नाव त्यालाच माहीत नाही. तसं त्यानं सांगितलं. सांगून टाकल्यावर ते किती वाईट ऐकू येतं हे त्याला कळलं.

"म्हणजे तीच असू शकते," कथबर्ट म्हणाला.

त्या दिवसापासून गार्नेटची उशी गॅलरीत गेली. त्याचं ताट त्याला युडोराकडून वाढून घ्यायला सांगण्यात आलं. टँटी ते गुपचूप गॅलरीत नेऊन देई. ताट देताना एकदा म्हणाली, "बाईचं नाव मात्र छान आहे, नाही रे?" गार्नेटला ते लागलं. निदान टँटीनं तरी टोमणा मारू नये असं त्याला वाटलं.

खाणावळवाली कागदावर हायसिंथ निघाली, पण जॉसलिनचा राग उतरेना. खोल्या अजून गेलेल्याच होत्या. आणि टँटीला पुन्हा एकदा घेरी आली, हे सगळ्यात वाईट. कपाटाला धरून ती मिनिटभर उभी राहिली. गार्नेटनं तिला खुर्ची आणून दिली. म्हातारीला काही झालं तर या घरात कोण कुणाला बांधून ठेवणार, हे त्याला सुचेना.

कथबर्टला मात्र त्यातून तिसरा निष्कर्ष सुचला. शांततेची गरज मुळात कुणाला ठाऊक होती? डॉक्टरला. म्हणजे आरोग्य केंद्राला. म्हणजे युडोरा व्हॅलेंटाइन ही तिथली नर्स असून रुग्णांच्या ठरवलेल्या खोल्या ती स्वतःसाठी लाटते. "झडप घालायची," तो म्हणाला. "गार्नेट, गाडी काढ."

"मलाही तिकडंच जायचंय," टँटी म्हणाली. "गोळ्या संपल्यात. नेहमीसारखी चालतच जाणार होते."

आरोग्य केंद्रात बाकं भरलेली होती. टँटी मागे एका बाकावर बसली. कथबर्टनं खांबाआड जागा घेतली आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. गार्नेटला त्यानं फाटकाशी गाडी आडवी लावायला लावली होती, त्यामुळे एक बाळंतीण आणि दोन म्हातारे बाहेर भांडत होते. त्यांची समजूत घालून गार्नेट आत आला, तेव्हा एक जाडजूड नर्स वहीतून नावं पुकारत होती.

"युडोरा व्हॅलेंटाइन."

कथबर्टनं वर्तमानपत्र टाकलं आणि दोन ढांगांत दार गाठलं. हात पसरून, आवाज बंदरावरच्या काळातला काढून तो म्हणाला, "कोणी हलायचं नाही. युडोरा व्हॅलेंटाइन, तुझा खेळ संपलाय. पुढे ये."

एका पोरानं रडणं थांबवलं.

"पम्पी," मागून आवाज आला, "दारातून बाजूला हो. माझा नंबर आलाय."

टँटी बेबे पिशवी सावरत त्याच्या काखेखालून आत गेली. नर्सनं तिला खुर्ची दिली, दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, "हे कोण, मिसेस व्हॅलेंटाइन?"

"माझाच आहे," टँटी म्हणाली. "हुशार आहे तसा."

परतीच्या वाटेवर कथबर्ट मागच्या बाकावर बसून होता आणि हा निष्कर्ष आपला चौथा ठरला असता असं स्वतःशीच पुटपुटत होता. टँटी पुढे होती. तिनं सहज सांगितलं की एकोणिसाव्या वर्षी व्हॅलेंटाइन नावाच्या माणसाशी तिचं लग्न झालं होतं. तो अरुबा बेटावर तेलाच्या कारखान्यात गेला, दोन पत्रं आली, मग नाही आली. कागदावर ती अजून त्याचीच. पेन्शनच्या खिडकीवर आणि गोळ्यांच्या रांगेत ती युडोरा असते. तिथं तिच्याबरोबर घरचं कोणी कधी आलेलं नाही, मग कळणार कसं.

"पण टँटी, खोल्या का बदलल्यास?" गार्नेटनं विचारलं. "आम्ही तुझ्यासाठीच ठरवलं होतं ना?"

तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढून त्याला दिला. गार्नेटनं गाडी कडेला घेतली. कथबर्टच्याच अक्षरातली सामानाची यादी होती, उलटी बाजू. त्यानं वाचलं: मोठं लोखंडी पातेलं. मॅकरोनीचा ट्रे. खेकड्यांसाठी खोल डेग. टँटी. झारा.

"माणसांची यादी मी दोनदा वाचली," ती म्हणाली. "अकराच होते. म्हटलं, बाई, शांतता तर हवीच. मग आधी या भांड्यांतून तूच बाहेर पड."

गार्नेटला इतकी लाज वाटली की त्याला कागद परत देववेना. पिवळी चड्डी आपण तिला दाखवली होती आणि ती म्हणाली होती की तुला शोभेल, हेही त्याला आठवलं. मागून कथबर्ट म्हणाला की झाऱ्याआधी टँटीचं नाव आहे, म्हणजे मानाचाच क्रम होता. गार्नेट एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "गप्प बस, पम्पी."

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी सगळे तिला बोटीवर सोडायला गेले. तिच्याकडे एक लहान बॅग आणि गवताची नवी टोपी होती. ती टोपी महिनाभर स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकत होती आणि टोपीवरून माणूस कुठे निघालाय ते ओळखणाऱ्यानं रोज तिच्याखाली बसून चहा घेतला होता. जॉसलिन रडली. मग घरी येऊन तिनं गार्नेटची उशी आत नेली.

शनिवारी दुपारी बारा वाजता अकरा माणसं टेबलाभोवती बसली होती आणि तांदूळ शिजत होता, निदान रंगावरून तरी तसं वाटत होतं. मीठ सापडत नव्हतं. जॉसलिननं सगळे डबे उघडले होते. कथबर्टनं भिंगातून फळ्या तपासल्या, खिडकीची कडी पाहिली आणि मीठ घरातल्याच कोणीतरी लांबवल्याचं जाहीर केलं. शेवटी पोटातल्या कावळ्यांपुढे त्याचं काही चालेना. त्यानं टोबॅगोला फोन लावला.

"मिस अर्मिन, जरा टँटीला बोलवा. तातडीचं आहे."

पलीकडे लाटांचा आवाज येत होता. मिस अर्मिननं शांतपणे विचारलं, "कोण टँटी?"

"टँटी बेबे. आमची टँटी."

"अशी बाई इथं कोणी उतरलेली नाही," मिस अर्मिन म्हणाली. "एक मिसेस युडोरा व्हॅलेंटाइन आहेत. त्या सकाळपासून गुडघाभर पाण्यात खुर्ची टाकून बसल्यात. त्यांना काही निरोप आहे का?"

कथबर्टनं भिंग खाली ठेवलं. अकरा ताटांकडे पाहिलं. गार्नेट पाहत होता. इतक्या वर्षांत त्यानं या माणसाला कसलाही निष्कर्ष न काढता उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"नाही," कथबर्ट म्हणाला. "त्यांना उठवू नका."

त्यानं फोन ठेवला, खुर्ची ओढली आणि अळणी भात जेवायला बसला.